अर्धी वीट

मंडळी, हप्त्यावर घेतलेली वस्तू घरात कशी थाटात येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. दोन माणसं ती उचलून आणतात, शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहतात आणि आपण उगाचच "अहो, गरजच होती" असं म्हणत हसत सुटतो. पुढं त्या वस्तूचा रंग उडतो, ती बिघडते, कोपऱ्यात जाऊन पडते. हप्ता मात्र होता तसाच ठणठणीत राहतो आणि दर महिन्याला दार वाजवतो.

आमच्या या रंगाऱ्याच्या घरीही हेच झालं. आधी सोफा आला. मग सोफ्यासमोरची भिंत ओकीबोकी दिसायला लागली म्हणून मोठा टीव्ही आला. मग स्कूटर, मग फ्रिज, मग नवराबायकोला एकेक नवा फोन. एकाचा हप्ता चुकला की दुसऱ्याकडून उसने घ्यायचे, दुसऱ्याचे फेडायला तिसऱ्यापुढं हात पसरायचा. अगदी नाकी नऊ आले तेव्हा त्यांनी पतपेढीतून एकच मोठं कर्ज काढलं, सगळ्यांची देणी एकदाची मिटवली आणि साठ हप्ते गळ्यात बांधून घेतले. साठ हप्ते म्हणजे पाच वर्षं. कर्जाला जामीन राहिले ते रंगाऱ्याला ब्रश धरायला शिकवलेले म्हातारे मिस्त्री.

रंगारी इमारतींना रंग देण्याचं काम करायचा. त्याची बायको शिवणकामाच्या एका कारखान्यात गणवेशांना काजं करायची, म्हणजे बटणांची भोकं दोऱ्यानं बांधायची. जितकी काजं तितके पैसे. लेक एकुलती एक. तिला सगळे चिंगी म्हणत, म्हणून तिच्या आईला आपणही चिंगीची आईच म्हणू.

कर्ज काढलं त्या रविवारी रंगाऱ्यानं स्वयंपाकघरातल्या पिवळट भिंतीवर पट्टी धरून पेन्सिलीनं साठ विटा आखल्या. एका ओळीत दहा, अशा सहा ओळी.

"हप्ता भरला की एक वीट रंगवायची," तो म्हणाला. "भिंत भरली की आपण सुटलो."

"आणि रंग कुठला आणणार विकत?" बायकोनं विचारलं. काटकसर सुरू झाली होती ना!

"विकत कशाला? डब्याच्या तळाशी उरतो की थोडा. मिस्त्री नाही म्हणायचे नाहीत."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या घरात एक वीट रंगायची. रंगारी त्या महिन्यात जिथं काम करत असेल तिथला रंग. चिंगीला भिंत तोंडपाठ होती. ही आकाशी दवाखान्याची, ही राखाडी शाळेच्या जिन्याची, ही गुलाबी त्या वकीलबाईंच्या गच्चीची. एक वीट भडक पोपटी होती. तो रंग एका दुकानदारानं हट्टानं निवडला होता. "त्या माणसाच्या डोळ्यांचं काय बिघडलं होतं कोण जाणे," असं म्हणून रंगारी दर रविवारी त्या पोपटी विटेकडं बघून पोट धरून हसायचा.

खर्च तर त्यांनी असा कापला की विचारू नका. टीव्ही विकला, स्कूटर विकली, फोन विकून साधे घेतले. रंगाऱ्यानं सिगारेट सोडली आणि बसही सोडली, तो चालत कामावर जाऊ लागला. चिंगीच्या आईनं दोन साड्या आलटून पालटून वर्षं काढली. पण मंडळी, खर्च कमी करणं पहिल्या महिन्यात सोपं असतं. तेव्हा अंगात वारं असतं, शेजाऱ्यांना सांगायला कौतुक असतं. पहिलं वर्ष संपतं, दुसरं संपतं. समोरच्या घरी नवी वस्तू येते, लेकीच्या वर्गाची सहल निघते आणि तिला "या वर्षी नको हं" म्हणावं लागतं. तेव्हा कळतं की ही चाल किती लांबची आहे! जास्त मजुरी मिळावी म्हणून रंगारी झुल्यावरचं काम घेऊ लागला. उंच इमारतीच्या बाहेरून दोन दोरांवर फळी सोडतात आणि तिच्यावर बसून रंग देतात, तो झुला. मजुरी दीडपट. जीव मात्र दोरावर.

तिसरं वर्ष संपत आलं आणि कारखान्यात काजं करायचं यंत्र आलं. एका यंत्रामागं सहा बायका रिकाम्या झाल्या. चिंगीच्या आईला काढलं नाही, पण यंत्रातून उरेल तेवढंच काम तिच्या वाट्याला आलं. कमाई निम्म्यावर आली. आज संध्याकाळी यांना सांगायचंच, असं ठरवून ती घरी गेली.

रंगारी त्या दिवशी हातपाय न धुताच भिंतीसमोर बसला होता.

"पस्तीस झाल्या," तो म्हणाला. "आणि अजून पंचवीस. अगं, माणूस किती वर्षं मान खाली घालून चालणार? मी उद्या दुकानात जातो आणि हप्त्यावर टीव्ही घेऊन येतो. मरायचंच आहे तर टीव्ही बघत मरू!"

तो हे हसत म्हणाला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. हा माणूस आता हातपाय गाळणार, आणि यानं हातपाय गाळले की सगळंच गेलं, असं चिंगीच्या आईला वाटलं. तिनं कमाईचं सांगितलं नाही. चहा टाकला आणि म्हणाली, "पंचवीसच तर राहिल्यात!"

त्या महिन्यात हप्त्याला पैसे पुरले नाहीत. पतपेढीत जायचं काम तिचं होतं, ती गेलीच नाही. पहिला रविवार आला. चिंगी ब्रश घेऊन तयार, रंगारी डब्यातला रंग काडीनं ढवळतोय.

"भरला ना गं?"

आता तुम्हीच सांगा, त्या बाईनं काय म्हणायला हवं होतं? लिहिणाऱ्याला सांगणं सोपं आहे, वाचणाऱ्यालाही सोपं आहे. तिच्यासमोर दोन चेहरे होते, दोन्ही उजळलेले.

"भरला," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात दोन हप्ते भरून टाकू, असं तिनं मनाशी धरलं होतं. पुढच्या महिन्यात कसाबसा एक भरला. त्याच्या पुढच्यात पुन्हा नाही. कुठल्याही महिन्यात दोन जमले नाहीत. चौदा महिन्यांत सात वेळा ती "भरला" म्हणाली आणि सात वेळा तो भरला नव्हता. पतपेढीची पत्रं यायची. ती दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात तळाशी ठेवायची आणि वर रिळं रचायची. भिंत मात्र भरत होती. रंगाऱ्याचा हुरूप वाढत होता, तो शिट्टी वाजवत घरी येत होता. आणि तो जितका खुश होई तितकं तिला सांगणं अवघड होत जाई. रोज सकाळी ती ठरवायची, रोज संध्याकाळी चहा टाकायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची.

अशी एकोणपन्नासावी वीट रंगली. हप्ता त्या महिन्यातही भरलेला नव्हता.

"अकरा!" रंगारी ओरडला. त्यानं चिंगीला उचलून गरकन फिरवलं आणि लगेच खाली ठेवलं. क्षणभर भिंतीला हात टेकून उभा राहिला. "अकराच राहिल्या. अकरा महिने झुल्यावर काढायचे आणि मग कानाला खडा. पुन्हा त्या फळीवर पाय ठेवणार नाही."

"दमलात का हो?" चिंगीच्या आईनं विचारलं.

"छे! अकरा विटांसाठी कोण दमतंय?"

त्याच दुपारी चिंगी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन बसली. त्यात हप्त्यांच्या पावत्या असायच्या. शाळेत चित्रालेख काढायला सांगितला होता, घरातली कुठलीही गोष्ट मोजून. चिंगीनं विटा निवडल्या होत्या आणि शहाणी पोर, ताळा करायला पावत्याही मोजत होती.

"आई, विटा एकोणपन्नास आहेत," ती म्हणाली. "पावत्या बेचाळीसच आहेत."

चिंगीच्या आईच्या हातातलं उलथनं तव्यावर आपटलं.

"पुन्हा मोज."

"दोनदा मोजल्या."

रंगारी पेपर वाचत होता. त्यानं मानही वर केली नाही. "अगं, गेल्या असतील इकडंतिकडं. कागदच तो. विटा बघ, विटा! विटा कधी खोटं बोलतात का?" आणि तो पोपटी विटेकडं बघून पुन्हा हसला.

"माझ्या पिशवीत असतील," चिंगीची आई म्हणाली. "आणि तू काय सारखे डबे उचकतेस गं? गप अभ्यास कर!"

चिंगीनं पावत्या डब्यात घातल्या, झाकण लावलं आणि आईकडं बघितलं. नऊ वर्षांची पोर. ती नजर चिंगीच्या आईला सहन होईना, तिनं तोंड फिरवलं. आपण पोरीवर का ओरडलो हे तिला पक्कं कळत होतं आणि त्याबद्दल करता येण्यासारखं काहीच नव्हतं.

सोमवारी पतपेढीचं नवं पत्र आलं. पंधरा तारखेच्या आत थकबाकी भरावी, अन्यथा ती जामीनदाराकडून वसूल करण्यात येईल. जामीनदार म्हणजे मिस्त्री! सत्तरीचा माणूस, अजून रंगाचे डबे उचलून पोट भरतो. त्याच्या घरावर आता आपल्यामुळं वसुली जाणार? पत्र मिस्त्रींपर्यंत पोहोचायच्या आत त्यांचे पाय धरू, असं म्हणून तिनं जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून पाय काढला आणि ती तडक रंगाऱ्याच्या कामावर गेली.

दहा मजल्यांची इमारत होती. खाली वाळूच्या ढिगाशेजारी मिस्त्री एका मोठ्या बादलीत रंग कालवत बसले होते.

"मिस्त्रीकाका..."

"ये पोरी," मिस्त्री म्हणाले. त्यांनी हात पुसला, सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. त्याच पत्राची प्रत होती ती. "मला परवाच आलंय."

ती उपड्या डब्यावर बसली.

"यांना बोललात?"

"नाही. झुल्यावर चढणाऱ्या माणसाला वाईट बातमी देत नसतात. आमच्या धंद्यातला नियम आहे. तू सांग, हे काय आहे?"

आणि मग तिनं सगळं सांगितलं. यंत्र आलं ते, कमाई निम्मी झाली ते, टीव्ही बघत मरू म्हणाले ते. सात विटा. रिळांचा डबा. सांगताना ती रडली नाही, इतकी ती थकलेली होती.

"मी यांना धीर द्यायला केलं हो, काका," ती शेवटी म्हणाली. "दुसरं काही सुचलंच नाही. यांनी सोडून दिलं असतं तर आम्ही काय केलं असतं?"

मिस्त्रींनी फक्त बोट वर केलं.

नवव्या मजल्यापाशी झुला लटकत होता. त्यावर रंगारी बसला होता. त्याचा हात भिंतीवर वरखाली चालला होता. बघता बघता तो हात थांबला. रंगाऱ्यानं ब्रश डब्यात टाकला, दोन्ही हातांनी दोर धरला आणि कपाळ दोराला टेकवून तसाच बसून राहिला. कितीतरी वेळ.

"सकाळपासून हे चौथ्यांदा," मिस्त्री म्हणाले. "तीन महिने झाले, त्याला भोवळ येते. वर गेला की डोळ्यांपुढं अंधारी. मी म्हटलं, बाबा रे, खाली उतर, आतल्या खोल्यांचं काम घे. मजुरी कमी मिळेल, पण घरी तरी जाशील. तर मला काय म्हणतो? 'मिस्त्री, अकराच विटा राहिल्या. डोळे मिटले की मला भिंत दिसते. तेवढ्या होऊ द्या.'"

"अकरा नाहीत हो!" चिंगीची आई ताडकन उठली. "अठरा आहेत! देवा, अठरा आहेत! माझ्या विटांसाठी चढतात हे? माझ्या खोट्या विटांसाठी?"

"खाली बस. ओरडू नकोस. खालून ओरडलं की वरचा माणूस वाकून बघतो."

तिनं स्वतःच्याच हातानं तोंड दाबलं. वर तो माणूस दोराला कपाळ टेकवून बसलेला, खाली ती. मधे नऊ मजले. तिला हाकही मारता येत नव्हती!

"आता नीट ऐक," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले. "तू वाईट वागलीस असं मी म्हणत नाही. पण धीर द्यायला तू ती भिंत रंगवलीस आणि त्या भिंतीच्या जोरावर तो दोरावर चढतोय. कर्ज फेडायला हुरूप लागतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं? हुरूप आज असतो, उद्या नसतो. मी चाळीस वर्षं रोज सकाळी कामावर येतोय, त्यातले किती दिवस हुरूप होता म्हणतेस? बोटांवर मोजण्याइतके. माणूस चालत राहतो तो खरा आकडा माहीत असला म्हणून. किती राहिलं, किती जमेल, आणि ते दोघांनाही माहीत हवं. मग एक जण बसला तर दुसरा म्हणतो, बस जरा, मग उठू. तुझ्याबरोबर बसायला गेल्या चौदा महिन्यांत कोण होतं?"

"कुणी नव्हतं," ती म्हणाली. आणि आता तिला रडू फुटलं.

"आणि पतपेढीत गेलीस का एकदा तरी? म्हटलंस का, कमाई घटली, हप्ता कमी करा, मुदत वाढवा?"

"लाज वाटली हो."

"लाज वाटली!" मिस्त्री एकदम चिडले. "तुम्हा लोकांना सोफा हप्त्यावर आणताना लाज वाटत नाही, आणि हप्ता जमत नाही हे सांगताना मात्र वाटते. उलटं पाहिजे होतं ना? पत्र रिळांखाली ठेवलंस म्हणून व्याज थांबलं का तिथं?"

मिस्त्रींनी उठून झुल्याचा दोर दोनदा ओढला. खाली ये, अशी ती खूण होती. झुला हळूहळू उतरू लागला. आठवा मजला, सातवा, सहावा. चिंगीची आई वर बघत उभी राहिली. आयुष्यात कशालाही इतका वेळ लागलेला तिला आठवत नव्हता.

"तू इथं?" फळीवरून उतरताच रंगाऱ्यानं विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक होता, तरी तो हसत होता. "चिंगी बरी आहे ना?"

"चिंगी बरी आहे. अहो, आधी बसा. मला सांगायचंय."

तिनं सांगितलं. तिनं एकही गोष्ट गाळली नाही. आधी त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. मग तिच्या हातातलं पत्र त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि तो बादलीशेजारी जमिनीवर बसला. तो ओरडेल, हात उगारेल, निघून जाईल, असं सगळं तिनं मनात धरलं होतं. त्यातलं काही झालं नाही. त्यानं बोटं पुढं धरली.

"दवाखान्याची आकाशी?"

"ती खरी."

"वकीलबाईंची गुलाबी?"

"तीही खरी."

"बँकेच्या दाराची तपकिरी?"

तिनं नकारार्थी मान हलवली. त्यानं एक बोट मिटलं.

"पोपटी?"

"खोटी," ती म्हणाली.

"अगं, त्या विटेवर मी किती हसलो," रंगारी म्हणाला. एवढंच. पण त्याचा आवाज असा आला की मिस्त्रींनी सुद्धा मान खाली घातली आणि उगाच रंग ढवळायला घेतला.

मग वर नवव्या मजल्याकडं बघून तो म्हणाला, "मला भोवळ येते. मीही तुला सांगितलं नाही. वर गेलो की हात सुटतील असं वाटतं. अकरा म्हणून चढत होतो मी. अठरासाठी नाही चढता येणार मला."

"नका चढू."

"मग भरायचं कसं?"

"तेच उद्या पतपेढीत जाऊन विचारू," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दोघं आणि मिस्त्री पतपेढीत गेले. तिथं काही चमत्कार झाला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काचेमागच्या बाईंनी दीड तास बसवून ठेवलं. मग चार फॉर्म दिले, दोन वेळा सह्या चुकल्या म्हणून परत केले आणि शेवटी आकडा सांगितला. दंड आणि वाढीव व्याज धरून आता अठराच्या जागी वीस हप्ते. हप्ता निम्मा करून मिळेल, पण मग महिने होतील चाळीस.

"चाळीस," रंगारी म्हणाला.

"हे आधीच येऊन सांगितलं असतं तर दंड तरी वाचला असता," बाई म्हणाल्या. त्या काही चुकीचं बोलत नव्हत्या. चिंगीच्या आईनं सही केली.

पुढच्या रविवारी रंगाऱ्यानं डबा आणला नाही. पत्र्याची पट्टी आणि काचकागद आणला. चिंगीला समोर बसवून दोघांनी तिला सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," चिंगी म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पावत्या हरवल्या नाहीत ते. आई ओरडली तेव्हाच कळलं मला. पण बाबा हसत होते ना, म्हणून मी बोलले नाही."

सात विटा आपण एकटीनं वाहिल्या असं चिंगीच्या आईला वाटत होतं. आठ दिवस पोरही ते ओझं घेऊन शाळेत जात होती, आणि कुणी न शिकवता आईसारखंच वागत होती. तिनं पोरीला जवळ ओढलं. "यापुढं बोलायचं," ती म्हणाली. "बाबा हसत असले तरी बोलायचं. मी ओरडले तरी बोलायचं."

रंगाऱ्यानं सात विटा खरवडल्या. रंग पापुद्र्यांनी खाली पडत होता, तपकिरी, करडा, शेवटी पोपटी. पोपटी विटेपाशी त्याचा हात थांबला. मग त्यानं तीही खरवडली. काचकागदानं भिंत साफ केली, खाली आणखी दोन विटा आखल्या आणि पट्टी धरून प्रत्येक रिकाम्या विटेच्या मधोमध एक उभी रेघ मारली. विसाच्या चाळीस झाल्या.

"बाबा, भिंत तर रिकामी झाली," चिंगी म्हणाली.

"झाली खरी. पण आता जेवढी भरलीय तेवढी भरलीय."

नागरिकहो, या गोष्टीत कुणी दुष्ट नव्हतं. नवरा कष्टाळू, बायको मायाळू, पोर गुणी. तरी हे घर दोरावरून खाली यायच्या बेतात होतं, आणि ते नुसत्या कर्जामुळं नव्हे. कर्जाबद्दल खोटं बोलल्यामुळं. आपल्यापैकी कितीतरी घरांत अशीच एखादी भिंत आहे आणि कुठल्यातरी डब्याच्या तळाशी एखादं पत्र आहे. कृपा करून ते पत्र आज बाहेर काढा. घरातल्यांना बसवून खरा आकडा सांगा. हप्ता जमत नसेल तर ज्याचं देणं आहे त्याच्याकडं जाऊन तोंडानं सांगा. लाज वाटेल, जीव नकोसा होईल, पण त्यानं कुणी मरत नाही. खोट्या अख्ख्या विटेपेक्षा खरी अर्धी वीट घराला जास्त उपयोगाची असते.

महिना झाला. रंगारी आता आतल्या खोल्यांचं काम करतो. मजुरी कमी, भाजी एकदाच, आणि सोफाही गेला, त्यामुळं सगळे जमिनीवर बसतात. पहिल्या रविवारी चिंगीच्या आईनं आधी पावती चिंगीच्या हातात दिली. चिंगीनं ती दोनदा वाचली, डब्यात घातली आणि मगच ब्रश उचलला. रंग होता खोल्यांच्या आतला, साधा पांढरा. चिंगीनं पहिली अर्धी वीट रंगवली. पिवळट भिंतीवर ती धड दिसतसुद्धा नव्हती.

रंगारी जमिनीवर बसून बघत होता. दमलेला होता, हसत नव्हता. चाळीस महिन्यांचं ओझं काही हलकं झालेलं नव्हतं, आणि त्या तिघांनाही ते ठाऊक होतं.

"किती राहिल्या गं?" त्यानं विचारलं.

चौदा महिने या प्रश्नाला चिंगीच्या आईनं भिंतीकडं बघून उत्तर दिलं होतं. आज ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि त्याच्याकडं बघून म्हणाली, "एकोणचाळीस."